पत्त्याची मालकी आणि फुकटची पेटी

मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या वायव्य टोकाला, मुर्धा, राई, मोर्वा आणि डोंगरी ही गावे मागे पडल्यानंतर, जेथे जमीन संपून खाडीचे मुख लागते आणि पलीकडे वसईचा किनारा दिसू लागतो, तेथे चौक हे मासेमारीवर जगणारे गाव वसलेले आहे. गावालगतच्या धारावीच्या किल्ल्यासाठी मराठ्यांनी पोर्तुगीजांशी निकराची झुंज दिली आणि १७३९ साली, चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत, तो अखेर हस्तगत झाला, या कारणाने इतिहासाच्या वाचकाला हा परिसर परिचित असतो. त्या काळच्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग पेशवे दफ्तरात राहिला आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागद छापलेही गेले. तो व्यवहार ज्या काळातला, त्या काळी कागदाचे वजन त्यातील मजकुराइतकेच, तो कोणाच्या नावाने आणि कोणाच्या शिक्क्यानिशी निघाला यावर ठरत असे, आणि मोर्तब झाल्यावाचून सनद पुरी झाली असे कोणी मानीत नसे. ज्या गावाच्या भोवती इतका कागद खर्ची पडला, त्या गावातील संस्था आज आपला पत्रव्यवहार कोणत्या नावाने करतात, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल; मला तो तसा वाटत नाही.

चौक, पाली, उत्तन या पट्ट्यातील संस्थांना लिहावे लागणारे कागद काही थोडे नाहीत. डिझेलच्या परताव्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागाशी, घनकचरा प्रकल्पाच्या दुर्गंधीविषयी महानगरपालिकेशी, उत्तन-विरार सागरी सेतूच्या प्रस्तावाविषयी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाशी, विकास आराखड्याच्या मसुद्यावरील हरकती व सूचनांसाठी नगररचना कार्यालयाशी, असा हा व्यवहार वर्षभर चालू असतो, आणि त्यातील उत्तरोत्तर अधिक भाग ई-मेलने होतो. अशा संस्थांच्या लेटरहेडवर खालच्या बाजूला बारीक अक्षरांत जो ई-मेल पत्ता छापलेला असतो, तो बहुधा जीमेलचा अथवा रेडिफमेलचा असतो आणि त्यात संस्थेच्या संक्षिप्त नावापुढे एखादे वर्ष किंवा आकडा जोडलेला असतो, कारण हवे ते नाव आधीच दुसऱ्या कोणी घेतलेले होते. पुष्कळदा तो पत्ता संस्थेचाही नसतो; दोन कार्यकारिणींपूर्वीच्या सेक्रेटरीचा खाजगी पत्ताच वहिवाटीने संस्थेचा झालेला असतो. पद सोडताना सेक्रेटरी दफ्तर, शिक्का, पावतीपुस्तके आणि चेकबुक नव्या माणसाच्या स्वाधीन करतो, त्याची यादी होते, तिच्यावर सह्या होतात. परंतु ज्या पेटीत संस्थेची दहा वर्षांची पत्रे साठली आहेत, त्या पेटीचा पासवर्ड त्या यादीत क्वचितच आढळतो.

यावर जो उपाय सुचवला जातो तो असा, की संस्थेने स्वतःचे डोमेन घ्यावे आणि त्या नावाचे ई-मेल पत्ते फुकट देणारी एखादी सेवा पत्करावी. उपाय चांगला आहे, परंतु त्यात फुकट काय आहे आणि काय नाही, हे नीट समजून न घेता तो स्वीकारला तर मूळच्या अव्यवस्थेत नवी भर पडते. येथे दोन निरनिराळ्या वस्तू एकत्र बांधलेल्या आहेत. पहिली वस्तू म्हणजे नाव. संस्थेच्या नावापुढे डॉट इन अथवा डॉट कॉम लावून जे होते ते, आणि ते ठरावीक शुल्क भरून, ठरावीक मुदतीसाठी, नोंदणी करणाऱ्या कंपनीमार्फत आपल्या नावे करून घ्यावे लागते. दुसरी वस्तू म्हणजे पेटी, अर्थात ज्या संगणकावर येणारी पत्रे साठतात तेथील जागा. या नावाने आलेली पत्रे कोणत्या पेटीत टाकावीत, याची एक नोंद डोमेनच्या खात्यात असते. ती नोंद बदलली की त्याच पत्त्यावरची पत्रे काही तासांत दुसऱ्या कंपनीच्या पेटीत पडू लागतात, आणि पाठवणाऱ्याला या स्थलांतराचा पत्ताही लागत नाही. नावाचा धनी आणि पेटीचा धनी वेगळा असू शकतो, आणि वेगळा असला तरी चालते, या एका गोष्टीवर माझे सर्व प्रतिपादन उभे आहे.

स्वतःच्या नावाचा पत्ता पैसे देऊन नोंदवण्याची कल्पना आपल्याकडे नवीन नाही. मुंबईतील पेढ्या आणि गिरण्या तार खात्याकडे वार्षिक शुल्क भरून आपला तारेचा पत्ता नोंदवीत असत. एकच शब्द, त्यापुढे गावाचे नाव, आणि तार नेमक्या दारात पोचे. जुन्या पत्रशीर्षांवर तो शब्द मोठ्या अभिमानाने छापलेला दिसतो. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा त्या शब्दांचे प्रयोजनही संपले. सहा आकडी पिनकोड, जो श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याच्या योजकतेतून १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर लागू झाला, तो मात्र टिकला. तो कोणा पेढीचा नव्हता, जागेचा होता, आणि उत्तनचा ४०११०६ हा आकडा तेथील कोळ्याला आणि कारखानदाराला सारखाच उपलब्ध होता. ई-मेलच्या जगात मात्र असा सार्वजनिक पत्ता कोणी सर्वांसाठी निर्माण केला नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले तेव्हा मुंबईच्या वर्गणीदारांना जे लांबलचक पत्ते मिळाले, ते त्या निगमाचे होते. पुढच्याच वर्षी हॉटमेल आले, मुंबईत रेडिफ निघाले, २००४ च्या १ एप्रिलला जीमेल अवतरले, आणि एका संपूर्ण पिढीने आपले नाव कंपन्यांच्या नावांना जोडून घेतले. निगमाची मालकी पुढे टाटांकडे गेली, त्याचे नावही बदलले, आणि व्हिजिटिंग कार्डांवर मिरवलेले ते जुने पत्ते निरुपयोगी झाले.

फुकटच्या आश्वासनाचे आयुष्य किती असते, याचा सर्वांत बोलका दाखला गूगलच्याच इतिहासात आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये या कंपनीने स्वतःच्या डोमेनवर जीमेल चालवण्याची सोय विनामूल्य देऊ केली, आणि शाळा, लहान पेढ्या, कुटुंबे, मंडळे अशा असंख्यांनी ती घेतली. प्रथम एका डोमेनवर पुष्कळ खाती उघडता येत. पुढे मर्यादा पन्नासावर आली, मग दहावर, आणि २०१२ च्या डिसेंबरात नव्या ग्राहकांसाठी ही सवलत बंदच झाली. जुन्यांची सवलत तेवढी राहिली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनाही सूचना गेली, की ठरलेल्या मुदतीनंतर एकतर शुल्क भरा नाहीतर सेवा स्थगित होईल. जगभर तक्रारी उठल्या, आणि मे महिन्यात कंपनीने इतकी माघार घेतली, की जे व्यक्तिगत वा कौटुंबिक, म्हणजे बिगरव्यापारी, उपयोग करतात त्यांनी पूर्ववत फुकट वापरावे. मायक्रोसॉफ्टनेही आपली अशीच सोय नव्या डोमेनसाठी २०१४ च्या एप्रिलमध्ये थांबवली. यात मी कोणाला दोष देत नाही. जी वस्तू मोबदल्याशिवाय दिली गेली, ती काढून घेण्याचा अधिकार देणाऱ्याने राखून ठेवलेला असतो, आणि सेवेच्या शर्ती न वाचता आपण संमतीची खूण केलेली असते. महत्त्वाचे हे, की २०२२ साली ज्यांचे डोमेन स्वतःच्या नावे होते त्यांना शुल्क भरणे किंवा पेटी दुसरीकडे हलवणे, हे दोन्ही मार्ग मोकळे होते. पत्ता कोणाचाही बदलला नाही.

याच्या नेमके उलट घडले ते फ्रीनॉम या नेदरलँड्समधील कंपनीच्या ग्राहकांचे. ही कंपनी डॉट टीके, डॉट एमएल, डॉट जीए अशा अंत्यनामांची डोमेनेच फुकट देत असे, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्याकडील अनेक होतकरू मुलांनी आपले पहिले संकेतस्थळ त्यांवरच उभारले. फुकट घेतलेल्या नावाचा नोंदणीकृत धारक मात्र ग्राहक नसून स्वतः कंपनीच असे. ग्राहकाला केवळ वापराची मुभा होती. ठकबाजांनी या फुकट नावांचा सुळसुळाट केला, मेटाने कंपनीवर अमेरिकेत दावा लावला, २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबली, त्याच वर्षी गॅबनने आपले डॉट जीए परत घेऊन लाखो नावे रद्द केली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनीने हा धंदाच सोडला. ज्यांनी पेटी फुकट घेतली त्यांचे फार तर थोडे पैसे आणि दोन दिवसांची तसदी गेली. ज्यांनी नाव फुकट घेतले त्यांचे नावच गेले.

आपल्या जुन्या महसुली व्यवस्थेत मिरासदार आणि उपरी असा जो भेद होता, तो येथे मला वारंवार आठवतो. उपरी दुसऱ्याच्या गावात, कौल घेऊन, मुदतीपुरती जमीन कसे, आणि कौल संपला की त्याला उठावे लागे. मिरासदार सारा भरी, परंतु जमीन त्याची असे व ती त्याच्या मुलांकडे जाई. जीमेलचा पत्ता वापरणारा माणूस त्या अर्थाने उपरी आहे, कितीही वर्षे तेथे राहिला तरी. डोमेन नोंदवणारा मिरासदाराच्या जवळ जातो, कारण दरसालचा सारा भरला की त्याला सहसा कोणी बेदखल करू शकत नाही. तथापि ही तुलना एका ठिकाणी मोडते आणि तेथेच सावध राहिले पाहिजे. सारा थकवून परागंदा झालेला मिरासदार पुष्कळ वर्षांनी परत येऊन थकबाकी भरून आपली मिरास मागू शकत असे. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख चुकली तर सवलतीचे काही आठवडे मिळतात, आणि त्यानंतर ते नाव जगातील कोणालाही, त्याच शुल्कात, घेता येते. ज्याने ते घेतले त्याच्याकडे संस्थेच्या पत्त्यावर येणारे प्रत्येक नवे पत्र जाऊ लागते. बँकेची सूचना, सरकारी नोटीस, आणि ई-मेलवर येणारा ओटीपीसुद्धा. संस्थेच्या शिक्क्याची लाकडी मूठ कोणा अनोळखी माणसाच्या हाती पडावी, तसा हा अनर्थ आहे, आणि तो एक नोंद विसरल्याने घडतो.

खर्चाचा विचार थोडक्यात करता येईल. डॉट इन डोमेनला सामान्यतः वर्षाकाठी हजार रुपयांच्या आत खर्च येतो. एका वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदणी करता येते. पेटीसाठी पैसे द्यायचे झाले तर साध्या सेवेला माणशी दरमहा पन्नास-साठ रुपयांपासून दीड-दोनशेपर्यंत पडतात. फुकट हवी असेल तर तामिळनाडूतून वाढलेल्या झोहो या भारतीय कंपनीची विनामूल्य योजना आहे. तीत एका डोमेनवर पाच खाती आणि प्रत्येकी पाच जीबी जागा मिळते, मात्र पत्रे त्यांच्याच संकेतस्थळावर किंवा ॲपवर वाचावी लागतात, आउटलुकसारख्या अन्य प्रणालीत ती उतरवून घेता येत नाहीत. क्लाउडफ्लेअर या कंपनीची एक सोय आहे, जी आपल्या डोमेनवर आलेली पत्रे आपल्या जीमेलच्या पेटीकडे विनामूल्य वळवते. पण ती केवळ येणाऱ्या पत्रांची, आणि उत्तर आपल्या नावाने पाठवायचे तर वेगळी तजवीज लागते. शिवाय डोमेनच्या नोंदीत, आपल्या नावाने कोणाला पत्रे पाठवण्याची मुभा आहे हे सांगणाऱ्या दोन-तीन ओळी भराव्या लागतात, नाहीतर आपली खरी पत्रेदेखील समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून याविषयीचे नियम अधिक कडक केले आहेत. हे काम अवघड नाही. एकदाच, पण बिनचूक करावे लागते.

मच्छिमार संस्था, गृहनिर्माण सोसायटी, गावठाणातील मंडळ, बोंबील-सुकटीचा घाऊक व्यापारी, उत्तनच्या किनाऱ्यावर पर्यटकांना खोल्या देणारे कुटुंब, या सर्वांच्या दृष्टीने पाच खात्यांची फुकट पेटी पुरेशी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, कार्यालय, आणि तक्रारींसाठी एक, एवढ्यात त्यांचे काम भागते. पत्ता पदाच्या नावाने असावा, व्यक्तीच्या नव्हे. म्हणजे निवडणुकीनंतर माणूस बदलला तरी पत्ता बदलत नाही आणि मागील पत्रव्यवहार नव्या पदाधिकाऱ्याला जसाच्या तसा वाचता येतो. कार्यालयांशी भांडावे लागणाऱ्या गावाला याचे मोल फार मोठे आहे. जी हरकत कधी, कोणाला आणि कोणत्या शब्दांत नोंदवली हे पाच वर्षांनी दाखवता येत नाही, ती हरकत सुनावणीत टिकत नाही.

खरे संकट, माझ्या समजुतीप्रमाणे, कंपन्यांकडून येत नाही. ते संस्थेच्या आतूनच येते. डोमेन घेण्याचा विषय निघाला की कार्यकारिणी एखाद्या तांत्रिक माहिती असलेल्या तरुणाकडे, बहुधा कोणा सभासदाच्या मुलाकडे, बोट दाखवते. तो उत्साहाने स्वतःच्या ई-मेलवरून, स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर, स्वतःच्या कार्डाने डोमेन घेऊन देतो, आणि त्याचे आभार मानले जातात. दोन वर्षांनी तो नोकरीनिमित्त पुण्याला किंवा आखातात जातो, त्याचा क्रमांक बदलतो, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या न उघडलेल्या पेटीत साचत राहतात. कायद्याच्या दृष्टीने ते नाव त्याचे आहे, संस्थेचे नाही. त्याच्या मनात काही वाईट नसले तरी संस्था त्याच्यावर अवलंबून राहते. फुकटच्या पेटीपेक्षा हा फुकटचा उपकार शतपट धोक्याचा आहे. डोमेन संस्थेच्या नोंदणीकृत नावाने, संस्थेच्या खात्यातून पैसे भरून घेतले पाहिजे, त्याची पावती हिशेबतपासणीत दिसली पाहिजे, आणि त्याचे मूळ खाते ज्या ई-मेलशी जोडलेले असेल तो ई-मेल त्याच डोमेनवरचा असता कामा नये, अन्यथा डोमेन बंद पडताच किल्लीही आतच अडकते.

एकट्यादुकट्या व्यक्तीला मी हाच सल्ला देणार नाही. स्वतःच्या आडनावाचे डोमेन घेऊन घरातील प्रत्येकाला पत्ता देण्याची हौस समजण्यासारखी आहे, विशेषतः परदेशांत विखुरलेल्या मराठी कुटुंबांत. पण ज्या माणसाने बँक, विमा, पारपत्र आणि निवृत्तिवेतन हे सारे त्या पत्त्याला जोडले, त्याच्या पश्चात ते नाव कोण चालवणार, याचा विचार झालेला नसतो. ज्याच्या घरी असा विचार करणारे दुसरे माणूस आहे त्याने ते खुशाल करावे. इतरांनी साधा जीमेल ठेवावा.

शासनाने नागरिकांना असे पत्ते द्यावेत काय, हाही विचार झाला पाहिजे, कारण तसा प्रयोग आपल्या देशात झालेला आहे. डॉट भारत हे देवनागरी अंत्यनाम २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले आणि मराठीलाही त्यात स्थान मिळाले. २०१७ च्या डिसेंबरात राजस्थान सरकारने आपल्या रहिवाशांना राजस्थान.भारत या डोमेनवर हिंदी नावाचे विनामूल्य ई-मेल पत्ते देऊ केले. कल्पना मनोहर होती. परंतु अनेक अर्ज आणि संकेतस्थळे देवनागरी पत्ता अजूनही स्वीकारीत नाहीत, आणि सरकारच्या नावाखाली खाजगी माणसाने पत्रे लिहावीत यात संभ्रमाचा धोकाही आहे. त्यापेक्षा रिझर्व्ह बँकेचा मार्ग मला अधिक पटतो. फसवणुकीला आळा घालण्यासाठी तिने बँक डॉट इन हे स्वतंत्र क्षेत्र निर्माण करवून सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे येण्याचा हुकूम केला. आता खातेदाराला पत्ता पाहून निदान एवढे कळते, की पलीकडे नोंदणीकृत बँक आहे. सहकारी संस्थांसाठी सहकार खात्याने असेच क्षेत्र निर्माण करावे आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या प्रत्येक संस्थेला नोंदणी प्रमाणपत्राबरोबरच त्यातील एक नाव द्यावे. ते नाव संस्थेचे असेल, नोंदणी रद्द होईपर्यंत कोणाला काढून घेता येणार नाही, आणि त्याखालची पेटी संस्थेने वाटेल तेथून, फुकट वा विकत, घ्यावी.

तोवर थांबण्याचे मात्र कारण नाही. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हायच्या असतात. चौक, पाली, उत्तन आणि डोंगरी येथील संस्थांच्या चालकांना माझी विनंती आहे, की यंदाच्या सभेच्या विषयपत्रिकेत एक ठराव घालावा: डोमेन संस्थेच्या नावे, निदान पाच वर्षांचे शुल्क एकदम भरून, पत्ते पदांच्या नावे, पासवर्ड मोहोरबंद पाकिटात, दफ्तराच्या हस्तांतरण यादीत नोंदवून, आणि नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात लिहून. पेटी सध्या फुकट घेतली तरी हरकत नाही.